किल्ली भाचीच्या खिशात

खटकेबाई हे काही तिचं आडनाव नव्हे. गल्लीने ते तिला बहाल केलं, आणि त्याला कारणं होती. गल्लीच्या विजेचे सगळे खटके तिच्या ताब्यात होते, आणि ज्याच्याशी तिचा कधी खटका उडाला नाही असं एकही बिऱ्हाड गल्लीत नव्हतं. नाव तिला ठाऊक होतं. मनातून आवडायचंही. कोणी तोंडावर म्हटलं की मात्र ती एक भुवई वर करायची आणि समोरचा आपसूक 'बाई' एवढ्यावर यायचा.

तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला चिकटलेला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि अर्ध्या शहराचं बोलणं तिच्या बोटांमधून इकडचं तिकडे. कुणाची तार कुणाला जोडायची, आणि कुणाची कुणाला चुकूनही जोडायची नाही, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. एक्स्चेंज बंद झालं, बोर्ड भंगारात गेला, खटकेबाई निवृत्त झाली आणि घरात बसून नवऱ्याच्या चुका काढू लागली. नवऱ्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तेही रेडिओंबरोबरच संपलेलं. मवाळ माणूस. चुका फारशा सापडायच्या नाहीत, त्यामुळे ती आणखी वैतागायची.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला एक उंच टॉवर उभा राहिला आणि उन्हाची वाटणी बिघडली. गच्च्यांवर सगळ्यांनीच सौर पॅनेलं बसवलेली. पण आता सकाळभर डाव्या रांगेवर टॉवरची सावली पडू लागली, दुपारनंतर उजव्या रांगेवर. मग बरीच आदळआपट होऊन ठरलं, की गच्च्या ज्याच्या त्याच्या पण ऊन सगळ्यांचं. सकाळी उजव्या रांगेने डावीला द्यायचं, दुपारी डावीने उजवीला. उरेल ती वीज खटकेबाईच्याच इमारतीत, जिन्याखालच्या जुन्या कोळशाच्या खोलीत बसवलेल्या बॅटरीत. बॅटरीही भरली की शहराच्या लाइनीत, म्हणजे पुढच्या चौकातल्या इस्पितळाला, त्यापलीकडच्या शाळेला, ज्याला लागेल त्याला. शहरात अशा गल्ल्या आता पुष्कळ झाल्या आहेत. एकीचं जास्त झालं की दुसरी घेते. ऐकायला फार गोड वाटतं. प्रत्यक्षात वीज वाटून घेणं म्हणजे एका नळावर सगळी चाळ. तिथे गोड बोलणारं माणूस उपयोगाचं नाही, भांडणाला न घाबरणारं लागतं. समितीने खटकेबाईला नेमलं. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, हेही खरं.

कोळशाच्या खोलीत भिंतीवर एक मोठा लोखंडी दांडा होता. शहराची वीज गेली की तो खाली ओढायचा. तो खाली आला की गल्ली शहरापासून सुटी झाली, मग आपल्या बॅटरीवर आपले दिवे खुशाल लावावेत. दांडा तसाच वर ठेवला तर गल्लीची वीज उलटी बाहेर पडते, मेलेल्या लाइनीत शिरते, आणि पुढे कुठेतरी खांबावर चढलेल्या माणसाच्या हातात जाते. त्या माणसाला वाटत असतं की लाइन बंद आहे.

म्हणून पद्धत अशी होती. लाइनीवर चढणारं माणूस आधी खटकेबाईकडे यायचं. ती त्याच्यादेखत दांडा खाली ओढायची, त्याला कुलूप घालायची आणि किल्ली त्याच्या हातात द्यायची. किल्ली एकच. ती चढणाऱ्याच्या खिशात असेपर्यंत या गल्लीतून विजेचा थेंब बाहेर पडणार नाही, हा खटकेबाईचा शब्द होता. या शब्दाचा तिला अभिमान होता. जरा जास्तच होता म्हणा.

त्या दिवशी सकाळी मागच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एका क्रेनच्या ट्रकने मागे घेताना विजेचा खांब वाकवला. तारा तुटल्या, शहराचा पुरवठा गेला. ऊन मी म्हणत होतं. थोड्या वेळाने वीज कंपनीची गाडी आली आणि तिच्यातून उतरली ती खटकेबाईची भाची. नवऱ्याच्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी, कंपनीत लाइनीवर काम करायची. कमरेला पट्टा, हातात पिवळं हेल्मेट, आणि मामीसारखीच जिभेला धार.

"मामी, दांडा ओढ."

"आधी पाणी पी. तोंड बघ कसं रापलंय."

"पाणी नंतर. दांडा."

"कामाच्या जागी मी मामी नाही."

"बरं. खटकेबाई, दांडा ओढता का, की अर्ज करू?"

खटकेबाईने भुवई वर केली. मग दांडा खाली ओढला, कुलूप घातलं, दोनदा हिसडून पाहिलं आणि किल्ली भाचीच्या तळहातावर ठेवली. भाचीने ती छातीवरच्या खिशात टाकून बटण लावलं.

"आणि आईला सांगू नको मी इथेच कोपऱ्यावर आहे म्हणून. खिडकीत येऊन बसेल आणि तिथनं मला उतर उतर म्हणून हाका मारेल. तिला हाका मारण्याएवढा दम आहे का आता?"

"मी कशाला सांगू? तुझ्या मामाला सांगू नको म्हणजे झालं. त्याच्या पोटात काही राहत नाही."

यात तिची चूक झाली. नवऱ्याच्या पोटात एक गोष्ट चांगली महिनाभर राहिली होती.

भाचीची आई, म्हणजे खटकेबाईच्या वन्सं, मागच्या रस्त्यालाच राहायच्या. खटकेबाईची स्वयंपाकघराची खिडकी आणि वन्संची खोली यांच्यामध्ये फक्त एक अरुंद बोळ. दोघींच्या खिडक्या समोरासमोर, हात लांब केला तर वाटीची देवाणघेवाण व्हावी इतक्या जवळ. पण विजेच्या बाबतीत मात्र जमीनअस्मानाचं अंतर. मागच्या रांगेची छपरं पत्र्याची, सौर पॅनेलांचा भार त्यांना झेपत नाही. त्यामुळे शहराची वीज गेली की इकडे गल्लीत पंखे चालू आणि तिकडे सगळं ठप्प. वन्संच्या फुप्फुसांनी संप पुकारलेला. हवेतून ऑक्सिजन ओढून देणारं मशीन दिवसरात्र लावावं लागे. वीज गेली की छोटा सिलिंडर, पण तो काही फार वेळ पुरणारा नाही.

वन्संनी एकदा खिडकीतून विचारलंही होतं, "आम्हाला द्या की गं थोडी तुमच्यातली."

खटकेबाईने सांगितलं होतं, "द्यायची आहेच, वन्सं. पण तुमच्या रस्त्याला वेगळा दांडा आणि वेगळं कुलूप बसल्याशिवाय नाही. कंपनीची परवानगी यायचीय. तोवर रांगेत राहा. नात्यागोत्यावर वीज चालत नाही."

बरोबरच होतं ते. खटकेबाई सहसा बरोबरच असायची, आणि त्यामुळे बोलताना समोरच्याचं तोंड बघायचं तिच्या लक्षात राहायचं नाही. नवरा शेजारी पेपर वाचत बसला होता. तो काही बोलला नाही. जन्मभर रेडिओ खोलून जोडलेला माणूस गप्प बसला की त्याच्या डोक्यात काहीतरी जुळत असतं, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिला कळायला हवं होतं. त्यानंतर तो आपणहून कपडे वाळत घालू लागला. बोळावरच्या दोरीवर मोठ्या चादरी, नीट पसरून. खटकेबाईला वाटलं, उशिरा का होईना, अक्कल आली.

तर त्या दिवशी. भाची गेली आणि खटकेबाई कोळशाच्या खोलीत स्टुलावर बसली. वीज गेलेली असली की गल्लीचा नियम होता, घरटी एक पंखा, एक दिवा आणि फ्रिज. इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटर सगळं बंद. लिफ्ट म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीला परवानगी, कारण अर्धवट कोरलेला दात घेऊन माणसाला घरी कसं पाठवणार. या हिशेबाने बॅटरीतून जाणारी वीज दाखवणाऱ्या काट्याने कुठे उभं राहायचं ते खटकेबाईला पाठ होतं.

काटा त्याच्या वर होता. थोडासाच, पण वर.

कोणीतरी खातंय, तिने ठरवलं, आणि ती चोर शोधायला निघाली. तळमजल्यावर डॉक्टरीणबाई कुणाच्या तरी जबड्यात डोकावत होत्या.

"काय चालू आहे तुमच्याकडे?"

"दाढ चालू आहे," डॉक्टरीणबाई मान वर न करता म्हणाल्या. "तुमची दाखवताय का?"

पहिल्या मजल्यावर एक पंखा, एक दिवा, सगळं सरळ. दुसऱ्या मजल्यावर तिचं स्वतःचं घर, दाराला कुलूप. नवरा कुठे उलथला कोण जाणे. तिच्याकडची घराची किल्ली तिने सकाळीच त्याच्या हवाली केलेली. दिवसभर आपण खाली अडकणार आणि त्याची किल्ली त्याला सापडत नव्हती. स्वतःच्या घरात चोर असेल असं तिच्या मनातही आलं नाही. ती वर गेली. तिसऱ्या मजल्यावर वकील राहायचे. बनियनवर दार उघडून उभे राहिले.

"इस्त्री लावलीय?"

"बाई, माझ्याकडे बघा. यात इस्त्री केलेलं काही दिसतंय?"

"काटा वर आहे."

"मग काट्याला समन्स काढा. माझ्याकडे एक पंखा आणि एक मी. पाहिजे तर झडती घ्या." आणि मग पायात चपला सरकवत म्हणाले, "नाहीतर असं करतो, मीच खाली येऊन तुमचा काटा बघतो. रोज उठून आरोप ऐकायचे म्हणजे काय." ते रागारागाने सदरा आणायला आत वळले. 

खटकेबाई जिन्यातल्या खिडकीपाशी दम खायला थांबली, आणि तेवढ्यात मागच्या रस्त्यावरून ओरडा ऐकू आला.

"आली, आली. लाइट आली हो."

वीज आली की सगळ्या जगात जसं ओरडतात तसंच. लहानमोठे आवाज, कुणी टाळीही वाजवली. खटकेबाईच्या तोंडावर क्षणभर समाधान आलं. पोरीने काम उरकलं वाटतं. आणि दुसऱ्याच क्षणी ते उतरलं.

काम उरकलं असतं तर भाची किल्ली घेऊन आली असती. दांड्याचं कुलूप उघडल्याशिवाय ती कधीच लाइन चालू करायला सांगत नाही. शहराची वीज आलेली नाही. मग ही कुठली?

तिने खिडकीतून वाकून पाहिलं. मागच्या रांगेत वन्संच्या खाली शिंपिणीचं दुकान, तिथला पंखा फिरत होता. नीट नाही, तापातून उठलेल्या माणसासारखा. शेजारच्या दोन घरांत दिवे लागले होते, पिवळे, मरतुकडे. आणि खाली, तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, चादरींच्या मागून, कपड्यांच्या दोरीला जागोजागी बांधलेली एक जाड पांढरी वायर बोळ ओलांडून वन्संच्या खिडकीत गेली होती.

एक्स्चेंजच्या बोर्डासमोर आयुष्य काढलेल्या बाईला ते कळायला वेळ लागला नाही. नवऱ्याने आपल्या घरातली वीज बहिणीच्या भिंतीतल्या सॉकेटात खुपसली होती. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर. त्याने वन्संचं अख्खं घर चालू होतं. आणि घराचा मेन खटका बंद नसेल तर घरातून वीज बाहेर पडते, शिंपिणीकडे जाते, शेजाऱ्यांकडे जाते, खांबाकडे जाते.

पत्र्यांच्या पलीकडे कोपऱ्यावर शिडीच्या टोकाशी पिवळं हेल्मेट दिसत होतं. ते हलत नव्हतं.

"अहो," खटकेबाईने बोळात हाक मारली. आवाज फाटला. "अहो, वायर काढा."

वन्संची खिडकी उन्हामुळे पडदा ओढून बंद होती. शिंपिणीने मात्र दुकानातून मान बाहेर काढून वर पाहिलं आणि हसून हात हलवला. "आली हो लाइट आमच्याकडेपण."

भाचीचा फोन गाडीत असणार, तिचा स्वतःचा खाली स्टुलावर. कोपऱ्यावर जायचं तर अख्खा वळसा. घराला कुलूप, वायरीचं टोक कुलपाच्या आत. खटकेबाई जिना उतरू लागली. गुडघ्यांनी कधीचाच राजीनामा दिलेला होता, पण त्या दिवशी त्यांना कोणी विचारलं नाही. कठड्याला धरून, दोन दोन पायऱ्या, एकदा भिंतीवर आदळून. डोळ्यांसमोर फक्त ते हेल्मेट. हलत का नव्हतं? माणूस काम करताना हलतं. मान वळते, हात वर जातो.

बॅटरीचा खटका पाडण्याआधी घंटा वाजवायची, लोकांना सावध करायचं, लिफ्ट रिकामी आहे ना ते पाहायचं. हा नियम तिनेच घातलेला, आणि एकदा घंटा न वाजवल्याबद्दल तिने आपल्या बदलीवर बसलेल्या माणसाची समितीसमोर सालटी काढली होती. वर वकिलांनी लिफ्टचं दार खाडकन लावल्याचं ऐकू आलं. खटकेबाई कोळशाच्या खोलीत शिरली आणि दोन्ही हातांनी बॅटरीचा खटका खाली पाडला.

गल्ली मुकी झाली. बॅटरीची गुणगुण थांबली, पंख्यांची घरघर थांबली. वरच्या कुठल्यातरी मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली आणि आतून वकिलांच्या मुठी दारावर पडू लागल्या.

आता कोपऱ्यावर धावायचं, एवढंच तिच्या मनात होतं. ती दारापर्यंत गेली आणि थांबली.

खटक्याला कुलूप नव्हतं. एकुलतं एक कुलूप दांड्याला, त्याची किल्ली भाचीच्या खिशात. ती इथून हलली तर पहिला जो कोणी वैतागून खाली येईल तो खटका वर करेल. का करणार नाही? बाईंच्या हातून चुकून पडला असेल म्हणेल, आणि मोठे उपकार केल्यासारखा वर करेल.

ती परत फिरली आणि खटक्यासमोर जमिनीवर बसली, पाठ भिंतीला लावून, खटका आपल्या डोक्यामागे. त्या खोलीत बसण्याइतकं अवघड काम तिने कधी केलं नव्हतं. पोर जिवंत आहे की नाही ते ठाऊक नाही, आणि जाऊन बघायची सोय नाही.

डॉक्टरीणबाई आल्या, हातात रबरी मोजे, गळ्यात मास्क. "बाई, काय हे? माझा पेशंट तोंड उघडून बसलाय."

"बसू दे."

"अहो पण खटका—"

"खटक्याला हात लावायचा असेल तर आधी मला उचलून बाजूला ठेवावं लागेल. मी जड आहे." मग तिचा आवाज खाली आला. "डॉक्टर, तुम्ही मागच्या कोपऱ्यावर धावा. माझी भाची खांबावर आहे. लाइनीत वीज गेली होती."

"मी दातांची डॉक्टर आहे हो."

"श्वास चालतोय की नाही एवढं कळतं ना? मग धावा."

डॉक्टरीणबाई धावल्या. मोज्यांसकट. आणखी लोक आले. कुणाचा संगणक बंद पडला होता, कुणाचं दूध फ्रिजमध्ये नासणार होतं, कुणी नुसतेच बघायला. खटकेबाईने एकालाही उत्तर दिलं नाही, आणि हे इतकं नवल होतं की हळूहळू सगळे गप्प झाले. तिच्याकडून शिव्या मिळाल्या असत्या तर लोक निश्चिंत झाले असते. वकिलांच्या मुठी तेवढ्या वाजत राहिल्या.

वन्संचं मशीनही बंद पडलं असणार, हे तिला आत्ता सुचलं. ते आपणच बंद पाडलं. नवऱ्याने सिलिंडर लावला असेल का? लावला असेल. तेवढं तरी त्याला जमतं. जमतं ना?

बाहेर बुटांचा आवाज आला. जड, सावकाश. लोक बाजूला झाले आणि दारात भाची उभी राहिली. हेल्मेट काखेत, चेहरा पांढराफटक, केस कपाळाला चिकटलेले. मागे डॉक्टरीणबाई धापा टाकत.

भाचीने छातीवरच्या खिशाचं बटण उघडलं, किल्ली काढली आणि मामीसमोर धरली.

"ही बघ. माझ्याकडेच आहे. मग हे काय होतं, मामी?"

खटकेबाईला उठता आलं नाही. भाचीने तिला हात दिला. हात गरम होता, ओला होता. खटकेबाईने तो बराच वेळ सोडला नाही.

"लागलं का कुठे?"

"नाही. मोजा काढला होता, बारीक स्क्रू होता म्हणून. तार धरायला हात पुढे केला आणि खालून शिंपीण ओरडली, आली आली. हात तसाच राहिला." भाचीने बोटांनी अंतर दाखवलं. ते बघवण्यासारखं नव्हतं. "शहराच्या बाजूला मी अर्थिंग लावलं होतं, तिकडून आली तर जमिनीत जावी म्हणून. घरांकडून येईल असं वाटलंच नाही, तिकडे सगळ्या पत्र्याच्या घरांत कुठली आलीय वीज? एक तार या खांद्याशी, एक मागे. पट्टा सोडायला वाकावं लागतं, आणि वाकले तर लागणार. नुसती उभी राहिले. बंद करा म्हणून ओरडत होते, पण खालच्यांना कळेना की कोणी काय बंद करायचं. मग पंखा थांबला."

खटकेबाईने तिला चादरी, वायर, मामा, सगळं एका दमात सांगितलं. लपवलं नाही, सारवासारवही केली नाही. डॉक्टरीणबाईंना तिने खटक्यासमोर बसवलं. "कुणालाही हात लावू देऊ नका. आणि लिफ्टमधल्या वकिलांना सांगा, बाईंनी समन्स काढलंय, थोडं थांबा."

वन्संच्या खोलीत नवरा सिलिंडरच्या चाकावर हात ठेवून उभा होता. या दोघींना दारात पाहिलं, भाचीच्या कमरेचा पट्टा पाहिला, आणि त्याला समजलं.  वन्सं मात्र उशीला टेकून बसल्या होत्या, नाकाला नळी, मजेत.

"ये गं. वहिनी, तूपण आलीस? बरं झालं. दादाने बघ काय... युक्ती केलीय. पंखासुद्धा फिरत होता. आत्ताच गेली परत."

"मेन मी बंद केला होता," नवरा हळूच म्हणाला. "दर वेळी आधी मेन बंद करतो. आजही केला. पाणी आणायला आत गेलो तेवढ्यात..."

"तो मी वर केला," वन्सं म्हणाल्या. "तो म्हणाला होता, हा खाली असला की... आपल्यापुरतीच राहते. म्हटलं, आपल्यापुरती कशाला? खाली शिंपिणीचं मशीन अडलेलं. सकाळपासून बिचारी... हातावर हात धरून. तिलाही मिळू दे की. उठले आणि केला वर." त्यांनी दम घेतला. "ओरडले बघ सगळे, आली आली म्हणून. मला इतकं बरं वाटलं."

 खटकेबाईच्या जिभेवर जे होतं ते तिने गिळलं, आणि तिच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हे. भाची आईजवळ बसली.

"आई, पुढच्या वेळी कुठलाही खटका वर करायचा तर मला विचार."

"तू कामावर असतेस. कुठे होतीस आज?"

"लांब होते," भाची म्हणाली.

मग ती उठली. भिंतीवरचा मेन खाली पाडला आणि त्याच्यावर चिकटपट्टी गुंडाळली. सॉकेटातली पिन उपटून वायरीचं टोक मामापुढे धरलं. "हे टोक कापून इथे साधा बोर्ड लाव. मशीन थेट बोर्डाला. पंखा हवा तर टेबलावरचा आण, तोही बोर्डाला. भिंतीत काही जाणार नाही. माझ्यासमोर कर."

मामाने केलं. रेडिओवाल्याचे हात, पण स्क्रू दोनदा खाली पडला. खटकेबाईने नवऱ्याकडून किल्ली घेतली, घरी जाऊन आपल्या स्वयंपाकघरातलं टोक सॉकेटात घट्ट आहे ना ते पाहिलं आणि खाली जाऊन, घंटा वाजवून, बॅटरीचा खटका वर केला. वकील लिफ्टमधून बाहेर आले ते थेट भांडायच्या तयारीत. तिचं तोंड पाहून म्हणाले, "बाई, पाणी आणू का?"

खांबाचं काम अजून तसंच पडलेलं. दोन तारा लोंबत होत्या, शहराचा पुरवठा बंद होता, आणि भाचीला परत चढायचं होतं. ती कोळशाच्या खोलीत आली. दांड्याचं कुलूप हिसडून पाहिलं. आधी कधी पाहत नसे, मामी पाहायची तेवढं पुरे असायचं. खटकेबाईच्या ते लक्षात आलं आणि लागलं.

"किल्ली आहे ना तुझ्याकडे?" तिने विचारलं.

"किल्ली आहे," भाची म्हणाली. "आता मामाला दे."

"म्हणजे?"

"मामाला स्टूल घेऊन पाठव. खांबाखाली बसेल. मी वर असेपर्यंत मला तो दिसला पाहिजे."

मामा गेला. डोक्यावर रुमाल, हातात कोळशाच्या खोलीतलं स्टूल. भर उन्हात खांबापासून जरा अंतरावर बसला आणि मान वर करून भाचीकडे बघत राहिला, मान अवघडेपर्यंत. भाचीने प्रत्येक तार आधी तपासली, मग मोजा घातला, मग धरली. मध्ये मध्ये खाली बघायची. तो हात वर करायचा.

मागच्या रस्त्याला आता स्वतःचा दांडा आहे आणि गल्लीच्या बॅटरीतून रीतसर वीज जाते. परवानगीसाठी खटकेबाई कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसली, आणि तिला उठवण्यापेक्षा सही करणं सोपं आहे असं तिथल्या साहेबांना वाटलं. त्या दांड्याच्या कुलपाची किल्ली वन्संकडे असते. मुलगी त्या दिवशी कोपऱ्यावरच्याच खांबावर होती, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. कुठलाही खटका वर करण्याआधी त्या मुलीला विचारतात, एवढं खरं.

कधी काम निघालं की भाची दोन किल्ल्या घेते, दोन्ही खिशात टाकते, बटण लावते. मग जिन्यात उभी राहून वर हाक मारते. मामा रुमाल शोधत असतो. खटकेबाई तोवर स्टूल बाहेर आणून ठेवते.